टाका, माझ्याकडे आहे

चाकणच्या पट्ट्यात गाड्यांसाठी पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर विभागात आहे. माझं काम सांगायला गेलं की समोरच्याचे डोळे जड होतात, म्हणून थोडक्यात सांगते. कारखान्यातल्या सगळ्या कॉम्प्युटरवरच्या फायलींची एक प्रत रोज एका मोठ्या सर्व्हरवर येते. तो बॅकअप सर्व्हर मी सांभाळते. कुणाचं काही बिघडलं, चुकून पुसलं, तर माझ्याकडे यायचं आणि मी ते परत काढून द्यायचं. माझ्या सासूबाई म्हणतात, “म्हणजे तू कंपनीची लोणच्याची बरणी. अडलं की आठवण, एरवी फडताळात.” बाई अगदी बरोबर बोलल्या.

राग माझ्या नाकावर असतो हे मला मान्य आहे. दापोडीच्या गल्लीत वाढले, तिथे नळावर रागावल्याशिवाय बादली भरत नसे. पण पुढे जे सांगणार आहे त्यात कुणालाही राग आला असता. ज्याला आला नसता त्या माणसाची मला काळजी वाटते.

या सर्व्हरची एक खोड आहे. खोड कसली, शहाणपण आहे. तो आलेली प्रत्येक गोष्ट आधी लिहून ठेवतो: काय आलं, कुठून आलं, कुठे ठेवलं. या लिहिण्याला आम्ही लॉग म्हणतो. त्याच्याकडे सगळ्या मालाची एक मोठी सूचीही असते, आणि त्या सूचीची एक प्रत रोज वेगळ्या डिस्कवर काढून ठेवायची असते. ती प्रत नीट निघाली की सर्व्हर आपणहून जुने लॉग पुसतो, कारण आता त्यांची गरज उरलेली नसते. पण प्रत निघाली नाही, तर तो एकही लॉग सोडत नाही. उद्या सूची बिघडली, तर शेवटच्या चांगल्या प्रतीपासून आजपर्यंत यायला हे लॉगच वाट दाखवणार, हे त्याला माहीत असतं. म्हणजे लॉग फुगायला लागले की समजायचं, सूचीची प्रत निघत नाहीये. लॉग फुगणं हा नुसता ताप आहे, आजार दुसरीकडे असतो.

आमच्याकडचा आजार सांगते. कारखान्याच्या मागच्या आवारातून तांब्याच्या तारा चोरीला गेल्या. लगेच सगळीकडे कॅमेरे लागले. गेटवर, वजनकाट्यावर, कँटीनमध्ये, चहाच्या मशीनसमोरसुद्धा. कॅमेऱ्यांचं चित्रण ठेवायला जागा हवी, आणि नवी डिस्क घ्यायची तर मंजुरी हवी. मग साहेबांना, म्हणजे आमच्या प्लांटच्या प्रमुखांना, कुणीतरी सांगितलं की बॅकअपच्या खोलीत एक मोठी डिस्क ‘नुसतीच पडून आहे’. ती सूचीच्या प्रतीची डिस्क होती. मी जेवायला गेले होते. परत आले तर तिच्यावर ‘सीसीटीव्ही’ अशी चिठ्ठी चिकटवलेली.

मी भांडले. साहेब म्हणाले, “मॅडम, कॉपीची कॉपी कशाला लागते?” मी समजावलं. त्यांनी मान हलवली, आणि ती मान कशाला हलली हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी मेल लिहिली. उत्तर आलं, ‘नोटेड’. दुसरी लिहिली. ‘नोटेड.’ माझ्या अंगाचा तिळपापड व्हायला हा एक शब्द पुरतो. ज्याला काही करायचं नसतं तोच माणूस नोंद घेतो. शेवटी पर्चेसकडून कबुली मिळाली की नवी डिस्क मागवली आहे, येतेच आहे.

तोवर मी लॉगसाठी जागेची उसनवारी करत राहिले. इकडच्या डिस्कचा कोपरा रिकामा कर, तिकडचे जुने चाचणीचे फोल्डर हलव, गरज नसलेले बॅकअप थांबव. लॉग वाढत होते, मी त्यांना जागा करून देत होते. एकही लॉग मी हरवू दिला नाही. हे मी पुन्हा सांगते, कारण पुढे याच गोष्टीवर बोट ठेवलं गेलं: लॉग जागच्या जागी होते तोवर सर्व्हरमधलं काहीही हरवलेलं नव्हतं.

आणि मग आली खंडेनवमीची साफसफाई.

आमच्याकडे दरवर्षी खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. प्रेस, क्रेन, फोर्कलिफ्ट, सगळं धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालतात, हळद-कुंकू लावतात. मला तो दिवस आवडतो. एरवी जे यंत्र नुसतं बडवून घेतो त्याच्यापुढे त्या दिवशी माणूस हात जोडतो, यात काहीतरी चांगलं आहे. पण हल्ली त्याच्या आधीचे काही आठवडे जपानी शिस्तीची मोहीम असते. त्या शिस्तीचे नियम पाच आहेत, त्यातला आम्ही एकच मनापासून पाळतो, तो म्हणजे फेकणे. जी वस्तू कुणी बरेच दिवस वापरली नाही तिच्यावर लाल चिठ्ठी लागते. लाल चिठ्ठी लागली की ती भंगार. ज्या विभागाचं भंगार जास्त, त्याला ढाल. कारखान्यात ‘भंगार’ हा शब्द जितक्या प्रेमाने उच्चारतात तितका ‘पगार’सुद्धा उच्चारत नाहीत.

त्या मोहिमेत टूलरूममधल्या एका लोखंडी कपाटावर लाल चिठ्ठी लागली, आणि टूलरूमचे काका माझ्याकडे आले.

काका चाकणजवळच्याच एका गावचे. पत्र्याला आकार देणारे साचे, ज्यांना सगळे डाय म्हणतात, ते दुरुस्त करणाऱ्या विभागाचे प्रमुख. स्वभावाने फणसाचे काटे, आतले गरे मात्र मी कधी पाहिलेले नाहीत. माझ्याशी त्यांचं पहिलं बोलणं भांडणाचंच होतं, कारण मी त्यांच्या कॉम्प्युटरवरची गाणी बॅकअपमधून वगळली होती. त्या कपाटात त्यांच्या डायच्या ड्रॉइंगच्या गुंडाळ्या होत्या. मूळ ड्रॉइंग कॉम्प्युटरवर होतीच. पण या कागदांवर काकांनी पेन्सिलीने समासात लिहून ठेवलं होतं: कुठली डाय प्रेसवर चढवल्यावर कुठे पत्रा फाटला, कुठे पातळ पट्टी घालावी लागली, कुठला कोपरा किती घासला.

“ड्रॉइंग कॉम्प्युटरात हाय म्हनत्यात,” काका म्हणाले. “डाय काय कॉम्प्युटरात चालती व्हय? ती प्रेसवर चढली की मंग खरं काय ते कळतं. ते ह्यात लिवलंय. आन् हे लोक म्हनत्यात भंगार.”

मी म्हटलं, “काका, स्कॅन करून घेऊ. एकही कागद सुटणार नाही.”

साहेबांनी स्कॅनिंगचं मोठं मशीन भाड्याने आणायला लगेच परवानगी दिली, कारण कपाट रिकामं होणार होतं. काका स्वतः प्रत्येक गुंडाळी आणून देत, सुरकुती हाताने सपाट करत आणि स्कॅन करणाऱ्याला, “जपून, दादा, जपून,” म्हणत. सगळ्या प्रतिमा बॅकअपला आल्या. मी त्यातल्या काही परत काढून उघडून पाहिल्या. समासातलं अक्षर स्वच्छ दिसत होतं, काकांची चिडकी रेघसुद्धा. काम झालं तसं भाड्याचं मशीन, त्यातल्या प्रतिमा पुसून, परत गेलं.

भंगाराचा टेम्पो यायच्या आदल्या दिवशी काका पुन्हा दारात उभे. “ताई, शेवटचं इचारतो. ठेवू का टाकू? तुमी म्हनत असाल तर कपाटाखाली लपवून ठेवतो. मला काय, कुनाच्या बापाला भीत न्हाई.”

मी म्हटलं, “टाका, माझ्याकडे आहे.”

हे मी विचार करून म्हटलं होतं. सर्व्हरमध्ये प्रतिमा होत्या, लॉग होते, नवी डिस्क वाटेवर होती. तो शब्द तेव्हा खरा होता, आणि मी आजही तसंच म्हणते. त्याला खोटं दुसऱ्यांनी केलं, आणि माझा सगळा संताप त्याचाच आहे.

नवरात्रात माझ्या मावसबहिणीचा साखरपुडा देहूला होता. मी रजा घेतली. मुलीकडचे म्हणून आम्ही बायका पेढ्यांची तबकं लावत होतो, तेवढ्यात कारखान्यातून फोन. सपोर्टच्या कंत्राटदाराचा माणूस बोलत होता.

“मॅडम, सर्व्हरची जागा दाखवणारी पट्टी लाल झालीय. साहेब मीटिंगमध्ये विचारतायत. उद्यापासून मोहिमेचं परीक्षण आहे ना.”

मी म्हटलं, “लाल असू दे. अजून जागा आहे. मी परवा येते, तोवर कशालाही हात लावू नका. कशालाही म्हणजे कशालाही.”

“ओके मॅडम,” तो म्हणाला.

मी परत आले तर पट्टी हिरवी. मला वाटलं, डिस्क आली! मी चक्क आनंदाने त्या माणसाला विचारलं, “नवी डिस्क लावली वाटतं?” तो म्हणाला, “नाही मॅडम, जुने लॉग काढले. साहेब म्हणाले, लॉग म्हणजे जुन्या नोंदी, म्हणजे भंगारच. सर्व्हर बघा ना, एकदम फास्ट चालतोय.”

चालत होताच. आणि राग येतो तो यामुळे. लॉग पुसले म्हणून सर्व्हर त्याच क्षणी बंद पडला असता तर निदान कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला असता. पण तो चालतो. सूची धड आहे तोवर जुन्या लॉगची आठवण कुणालाच होत नाही. मी धावत साहेबांकडे गेले. म्हटलं, “आज, आत्ता, कुठलीही डिस्क द्या. कॅमेऱ्यांची अर्धा दिवस द्या. मला सूचीची एक प्रत काढू द्या.” साहेब म्हणाले, “परीक्षणात कॅमेरे बंद दिसले तर मार्क जातात. खंडेनवमी होऊ द्या, मग बघू.” मग मी माझ्या खिशातली छोटी डिस्क लावून पाहिली. सूची तिच्यात मावेना. आमच्या घरची, फोटोंची मोठी डिस्क दुसऱ्या दिवशी घेऊन आले, तर गेटवर सुरक्षारक्षकाने अडवली. बाहेरचं उपकरण आत नेता येणार नाही, नियम आहे. नियम होता, हे खरंच. मी स्वतः लिहिलेला.

खंडेनवमीच्या सकाळी मांडव घातला होता. प्रेसवर स्वस्तिक, फोर्कलिफ्टला उसाच्या कांड्या, सगळीकडे झेंडू. साहेबांनी नारळ फोडला आणि मोहिमेची बक्षिसं जाहीर केली. पहिली ढाल कॉम्प्युटर विभागाला, सर्वाधिक जागा मोकळी केल्याबद्दल. टाळ्या वाजल्या. मला पुढे बोलावलं. मी गेले नाही, तर त्या कंत्राटदाराच्या माणसाने जाऊन घेतली आणि आणून माझ्या टेबलावर ठेवली. पितळी ढाल, मध्ये झाडूचं चित्र. झाडूचं! मी ती खाली ठेवली तर कुणीतरी पुन्हा वर ठेवली, आणि वर फूल वाहिलं.

याच दरम्यान सफाईवाले सर्व्हरच्या खोलीत पूजेआधी पुसून घ्यायला गेले. मोहिमेची शिस्त अशी की पुसण्याआधी यंत्राचा मुख्य स्विच बंद करायचा. प्रेससाठी ती शिस्त योग्यच आहे, नाहीतर हात जातो. त्यांनी सर्व्हरचाही बंद केला, बॅटरीसकट, कुणालाही न विचारता. दोष त्यांचा नाही. प्रेस आणि सर्व्हर यांत फरक काय हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी सर्व्हरला कुंकू लावलं, माळ घातली आणि स्विच चालू केला.

सर्व्हर उठला, पण सूची उठली नाही. मध्येच तुटली होती.

अशा वेळी काय करायचं ते मला झोपेतही सांगता येईल. सूचीची शेवटची चांगली प्रत लावायची आणि तिथून पुढे लॉग वाचत आजपर्यंत यायचं. शेवटची चांगली प्रत होती ती कॅमेऱ्यांनी डिस्क पळवली त्याच्या आधीची. तिथून पुढचे लॉग त्या हिरव्या पट्टीने खाल्ले होते. मधली वाटच नव्हती. स्कॅन केलेल्या प्रतिमा त्याच मधल्या काळात आल्या होत्या. त्या डिस्कवर कुठेतरी आहेतही, आजही असतील. पण कुठल्या तुकड्यात काय आहे हे सांगणारं कुणी उरलं नाही. बाहेरच्या तज्ज्ञाला बोलावलं. त्याने दोन दिवस चहा प्यायला आणि मी पहिल्याच तासात सांगितलं होतं तेच सांगितलं.

मीटिंग झाली. साहेब म्हणाले, “नुकसान काय झालं? काहीच नाही. सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर मूळ फायली आहेतच. परत बॅकअप घ्या.” ते खरं होतं. एका गोष्टीखेरीज सगळ्याचं मूळ शिल्लक होतं. मी म्हटलं, “टूलरूमच्या ड्रॉइंगचं मूळ टेम्पोतून गेलं, साहेब. आपणच पाठवलं.” ते म्हणाले, “ते जुने कागद? त्यावर तर लाल चिठ्ठी होती.”

मी त्या खोलीत काय काय बोलले ते लिहीत नाही. आवाज बाहेर प्रेसशॉपपर्यंत गेला असं नंतर सांगतात, आणि प्रेस चालू असताना तिथे आवाज पोचवणं सोपं नाही.

आमच्याकडे काही बिघडलं की ‘का?’ असं पाचदा विचारायची पद्धत आहे. पाचव्या ‘का’ला खरं कारण सापडतं म्हणे. आम्ही विचारत गेलो. प्रतिमा का गेल्या? सूची परत आणता आली नाही. का? लॉग नव्हते. का? पुसले. का? जागा नव्हती. का? डिस्क कॅमेऱ्यांना दिली. मी म्हटलं, “आता सहावा विचारा. कुणी दिली?” साहेब घड्याळ बघत म्हणाले, पाचच असतात. आणि शेवटी निष्कर्ष काय निघाला? ‘संबंधित व्यक्तीला जागेच्या व्यवस्थापनाचे प्रशिक्षण द्यावे.’ संबंधित व्यक्ती म्हणजे मी. मी ते प्रशिक्षण घेतलं. शिकवणाऱ्याने पहिल्याच चित्रात लिहिलं होतं, लॉग हाताने कधीही पुसू नयेत. मी हात वर करून म्हटलं, “हे जरा आमच्या साहेबांना पाठवाल का?” सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

काकांना सांगणं बाकी होतं. मी टूलरूममध्ये गेले आणि उभ्या उभ्याच सांगितलं, सगळं, काहीही न लपवता. मला वाटलं ते शिव्या देतील. दिल्याही, पण साहेबांना. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मी ठेवत व्हतो. तुमी म्हनला, टाका.”

मी म्हटलं, “हो. मी म्हटलं.”

“मंग आता?”

मग त्यांनीच विचारलं, “टेम्पो कंचा व्हता ते कळंल का?” मला एकदम सुचलं. गेटवर कॅमेरा आहे. त्याचं चित्रण माझ्या डिस्कवर आहे.

काका आणि मी सुरक्षा विभागाच्या खोलीत बसलो. चित्रण तिथे होतं, एक क्षणही न तुटलेलं, कडक, स्वच्छ. टेम्पोचा नंबर मिळाला. काका दुसऱ्याच दिवशी चिखलीकडच्या त्या भंगारवाल्याकडे जाऊन आले. कागद त्याच आठवड्यात पुठ्ठ्याच्या कारखान्याला गेले होते. ते मला तेव्हा माहीत नव्हतं. तेव्हा आम्ही नुसतं पाहत होतो. टेम्पो गेटपाशी येऊन लागला. दोघे जण कपाटातलं सामान फेकत होते. मग चित्रात काका आले. गुंडाळ्या त्यांनी कुणाच्या हाती दिल्या नाहीत. स्वतः आणल्या, प्रत्येक गठ्ठ्याला सुतळी बांधलेली, आणि टेम्पोत ओळीने उभ्या लावल्या. भंगारात जाणाऱ्या कागदांना त्यांनी सुतळी बांधली होती. टेम्पो हलला तशी एक गुंडाळी सुटून उलगडली आणि फाळक्यावर लोंबायला लागली.

“थांबवा,” काका म्हणाले. मी थांबवलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला, खुर्ची पुढे ओढली. “ती दाराच्या पत्र्याची डाय हाय. सगळ्यात जास्त तिनंच छळलं मला. समासात लिवलंय बगा. जरा मोठं करा.”

मी मोठं केलं. कागद पांढरा झाला, रेघा राखाडी झाल्या.

“अजून मोठं करा, ताई. अक्षर माजंच हाय, मला लागंल.”

मी अजून मोठं केलं. आता नुसते चौकोन दिसत होते. काका स्क्रीनला नाक लावून एकेक चौकोन वाचायचा प्रयत्न करत होते, आणि खिशातून पेन्सिल काढून तयार बसले होते.